काल्कची शेफिन

फोनवर आफुआचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस मनात कोणाचं चित्र रंगवत असेल, याचा अंदाज मला तिच्या ऑफिसात बसून बसून आला होता. कोलोनची स्वतःची एक बोली आहे. जर्मन शिकून आलेल्या माणसाला ती सुरुवातीला कळतच नाही. 'ग'चा 'य' होतो, शब्दांच्या शेपट्या गळून पडतात, आणि अख्खं वाक्य उतारावरून घरंगळत आल्यासारखं कानावर येतं. इतर जर्मन माणसं 'बरोबर'ला गेनाऊ म्हणतात, आफुआ येनाऊ म्हणायची. पलीकडच्या माणसाला वाटे, आपण बेकरीच्या काउंटरमागच्या एखाद्या जाडजूड, लालगोऱ्या, पिढ्यान्पिढ्या कोलोनमध्येच राहिलेल्या बाईशी बोलतोय. तो सैल व्हायचा, घरच्या गच्चीतल्या गळतीपासून सासऱ्याच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगून टाकायचा.

मग ठरलेल्या दिवशी तो काल्कमधल्या आमच्या कंटेनर ऑफिसच्या दारात यायचा, आणि समोर घानामध्ये जन्मलेली, उंचीला दाराच्या चौकटीला टेकलेली, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली काळीभोर बाई त्याच बोलीत म्हणायची, "या या, तुमचीच वाट बघत होते."

त्या क्षणी येणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही व्हायचं, त्याला आफुआ 'हवामान' म्हणायची. माणूस गेला की मी नुसती तिच्याकडे बघायची आणि ती सांगायची, "थोडे ढग होते. नंतर ऊन पडलं." किंवा, "गारा." गारा म्हटलं की ते काम आपल्याला मिळत नाही, हे मला कळायचं. पण तक्रारीचा सूर त्यात नसे. पावसाळ्यात छत्री घेऊन निघणारा माणूस पावसावर रागावत नाही, तशी ती.

काल्क हे कोलोनचं ऱ्हाइनपलीकडचं उपनगर. जर्मनमध्ये काल्क म्हणजे चुना. बांधकाम करणारीनं चुन्याच्या गावात ऑफिस थाटावं, हा योगायोग तिला फार आवडायचा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ती तो सांगायची आणि स्वतःच हसायची.

मी तिच्याकडे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. मी सांगलीची, सिव्हिल इंजिनियर. पुण्यात चांगली नोकरी होती. नवऱ्याला, श्रीरंगला, बॉनच्या एका टेलिकॉम कंपनीत काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. मुलगी ईरा किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत जायला लागली आणि मी अर्ज करायला लागले. उत्तरं फार सभ्य यायची आणि सगळी नकाराची. भाषा कमी पडते, इथला अनुभव नाही, डिग्रीची मान्यता अजून आलेली नाही. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, काल्कमध्ये एक बाई आहे, बांधकामाची कंपनी चालवते, कामाचे अंदाज काढायला तिला माणूस हवंय.

मी इस्त्रीचा शर्ट, प्रमाणपत्रांची फाइल आणि पाठ केलेली वाक्यं घेऊन गेले. आफुआनं फाइल उघडलीच नाही. आधी माझं नाव विचारलं. जर्मन माणसं 'व'चा 'फ' करतात, त्यामुळे इथे मी सगळ्यांची 'फ्रिंडा' झाले होते आणि मी ते सोडूनही दिलं होतं. तिनं मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि नीट 'वृंदा' म्हणता आल्यावरच पुढे गेली. "शाळेत माझं नाव कोणी धड घेतलं नाही," ती म्हणाली. "आफुआ म्हणजे शुक्रवारी जन्मलेली मुलगी. इतकं सोपं आहे. असो. मला सांग, तुला 'नाही' म्हणता येतं का?"

"म्हणजे?"

"समज, मी घरमालक आहे. मी म्हणते, माझ्या खिडक्या ख्रिसमसच्या आत बसल्या पाहिजेत. तुला माहीत आहे, कारखान्यातून खिडक्याच तोवर येत नाहीत. काय सांगशील?"

"सांगेन, मी प्रयत्न करते."

"पुन्हा सांग."

"विचारून कळवते."

"पुन्हा."

"अवघड आहे, पण बघू या."

ती खुर्चीत मागे रेलली. "तुमच्या भाषेत 'नाही'ला किती शब्द आहेत गं? हे बघ, प्रयत्न करते म्हणालीस की तो माणूस सासूला जेवायला बोलावणार. खिडकीच्या जागी प्लास्टिक फडफडत असणार. मग तो तुला नाही, मला शिव्या घालणार. म्हण, नाइन. सरळ नाही."

"नाइन."

"हसू नको."

"नाइन."

"योट," ती म्हणाली. तिच्या बोलीत योट म्हणजे छान. "सोमवारी ये. पायात हे असले बूट घालून येऊ नकोस."

एवढीच माझी मुलाखत.

आफुआला काही सवयी होत्या. कुठल्याही खोलीत शिरली की आधी बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करायची. बँकेत, डॉक्टरकडे, चर्चमध्येसुद्धा. आवाजावरून आत वीट आहे, काँक्रीट आहे की नुसतं बोर्ड, हे तिला कळायचं, आणि कळल्याशिवाय ती खुर्चीत बसायची नाही. तिच्या गाडीत कायम फरश्यांचे नमुने असत, त्यामुळे वळणावर गाडी वाजायची. रागावली की तिचा आवाज खाली यायचा. नवे गवंडी आधी फसायचे, त्यांना वाटायचं बाई शांत झाली. जुने मात्र तो आवाज ऐकताच हातातलं काम ठेवून सरळ उभे राहायचे. 'प्रॉब्लेम' हा शब्द तिला आवडत नसे. "प्रॉब्लेम म्हणू नको, काय झालं ते सांग," हे ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची. मी आजही घरी ईराला हेच म्हणते, आणि ती जर्मनमध्ये उलट उत्तर देते.

आफुआ शाळकरी वयात घानातल्या कुमासीहून वडिलांकडे आली. वडील मोटारींच्या कारखान्यात कामाला होते. शाळेतल्या बाईंनी तिला सल्ला दिला होता, केशकर्तन शीक, नाहीतर म्हाताऱ्यांची सेवा. दोन्ही कामं वाईट नव्हेत, पण आफुआच्या बस थांब्यासमोर एक इमारत उभी राहत होती आणि ती रोज बस सोडून ती बघत उभी राहायची. त्या साइटचा पोलियर, म्हणजे मुख्य मुकादम, योसेफ वेबर. अख्खं कोलोन त्याला युप म्हणायचं. एक दिवस तो फाटकाशी येऊन म्हणाला, "मेडशेन, काय हवंय?" मेडशेन म्हणजे पोरी.

ती म्हणाली, "मला हे शिकायचंय."

"इथे बायकांसाठी संडास नाही."

"मी समोरच्या बेकरीत जाईन."

युपनं वळून बेकरीकडे पाहिलं म्हणे. मग म्हणाला, "बेकरीवालीला विचारून ये." ती विचारून आली. तिथून तिची उमेदवारी सुरू झाली. विटा रचणं, सेंटरिंग, सळया, काँक्रीट, सगळं युपच्या हाताखाली. पुढे तिनं माइस्टरची परीक्षा दिली. ती पदवी असल्याशिवाय जर्मनीत स्वतःची बांधकाम कंपनी काढणं फार अवघड. पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. कंपनी सुरू केली, आणि युपची कंपनी बंद पडल्यावर त्याला सन्मानानं आपल्याकडे पोलियर म्हणून बोलावलं.

साइटवर सगळे एकमेकांना 'दू' म्हणतात, म्हणजे अरे-तुरे. मालकीणबाईलाही सगळे 'दू'च, फक्त नावाऐवजी 'शेफिन' म्हणायचे; शेफ म्हणजे साहेब, शेफिन म्हणजे बाईसाहेब. मीही तसंच म्हणत असे. फक्त आफुआ युपला कधी अरे-तुरे करायची नाही. तिच्यासाठी तो कायम 'हेर वेबर', म्हणजे श्रीयुत वेबर, आणि अहो-जाहो. तो मात्र तिला मेडशेनच म्हणायचा, पगार तिच्याकडून घेत असला तरी. आपल्याकडे शाळेतल्या सरांसमोर मोठमोठे अधिकारी जसे उभे राहतात, तशी ती त्याच्यासमोर उभी राहायची. मला ते घरच्यासारखं वाटायचं.

एकदा एक नवे गिऱ्हाईक साइटवर आले. वयस्कर गृहस्थ, जुनं घर विकत घेतलेले. आफुआ बादली उचलून चालली होती. त्यांनी तिला थांबवून हळू, सुट्या सुट्या शब्दांत विचारलं, "शेफ... कुठे... आहे?" मुक्या-बहिऱ्याशी बोलावं तसं. आफुआ म्हणाली, "बोलावते." ती कंटेनरच्या मागे गेली, बादली ठेवली, हात धुतले, पांढरं हेल्मेट घातलं आणि दुसऱ्या बाजूनं येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "गुटेन मॉर्गन. तुम्ही मला शोधत होता." त्या गृहस्थांचा चेहरा इतका लाल झाला, की मलाच त्यांची दया आली. आफुआनं त्यांना कॉफी दिली आणि छपरापासून तळघरापर्यंत सगळं घर समजावून सांगितलं. नंतर तेच आमचे सगळ्यात पक्के गिऱ्हाईक झाले, त्यांनी भावाचं आणि मेहुणीचं कामही आम्हाला दिलं. मी आफुआला विचारलं, तेव्हा तुला राग नाही का आला? ती म्हणाली, "आला ना. म्हणून तर हात धुवायला गेले. तेवढा वेळ लागतो."

माझ्या सासूबाई त्या वर्षी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आम्ही त्यांना आईच म्हणतो. मी कोणाकडे नोकरी करते हे कळल्यावर त्यांनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आफ्रिकेतल्या आहेत का गं त्या? म्हणजे, बरं असतं ना तिथे? सुरक्षित?" बॉनमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकीही एकदोघांनी हेच वेगळ्या शब्दांत विचारलं होतं. मी आईंना काही समजावलं नाही. आफुआला रविवारी जेवायला बोलावलं.

आफुआ चर्चमधून थेट आली, अंगावर झगझगीत निळ्या-केशरी कापडाचा पोशाख, हातात भलंमोठं कलिंगड. आल्या आल्या तिनं आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर टकटक केली. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "काय करतायत त्या? भूत आहे का बघतात?" मी भाषांतर केलं. आफुआ गंभीरपणे म्हणाली, "भूत नाही. पण भिंत पोकळ आहे. घरमालकानं तुम्हाला शेजाऱ्यांचा टीव्ही फुकट दिलाय."

आईंनी पिठलं-भाकरी केली होती. घानामध्ये उजव्या हातानंच जेवतात. आफुआनं एका हातानं भाकरी मोडून पिठल्यात बुडवली, ठेच्याकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं, आणि मी सावध करायच्या आत चमचाभर घेतला. आई तिच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं आणखी मागितला. तिथेच आईंचा निम्मा विरोध संपला असावा.

"तिला विचार," आई म्हणाल्या, "एवढे पुरुष हाताखाली आहेत, ते ऐकतात का?"

आफुआ म्हणाली, "सोमवारी ऐकत नाहीत, मामा. मंगळवारपासून ऐकतात."

आई हसल्या. घानामध्ये वयानं मोठ्या बाईला मामा म्हणतात, म्हणजे आईच. मग त्यांनी मला भाषांतर करायला न लावता मराठीतच तिला सांगितलं, की त्यांच्या वडिलांनी त्यांना ओव्हरसियरचा कोर्स करू दिला नव्हता. गावातल्या पुलाचं काम बघायला त्या रोज जायच्या, म्हणून घरी बोलणी खायच्या. हे मी लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा ऐकत होते. आफुआला शब्द कळले नाहीत, पण तिनं जेवण थांबवून शेवटपर्यंत ऐकलं. जाताना आईंचे दोन्ही हात हातात धरून म्हणाली, "मामा, उद्या साइटवर या." आणि आई खरंच आल्या, माझा लांब कोट घालून, वर हेल्मेट. परत सांगलीला गेल्यावर त्या सगळ्यांना सांगायच्या, "आमची वृंदा बिल्डर बाईंकडे आहे."

आता ज्या कामामुळे ही कंपनी खऱ्या अर्थानं उभी राहिली, त्या किटाबद्दल.

तोपर्यंत आम्ही घरांची दुरुस्ती, वाढीव खोल्या, न्हाणीघरं अशीच कामं करत होतो. सरकारी काम कधी मिळालं नव्हतं. शेजारच्या एका गावात दोन मजली किटा बांधायची होती, तिचं टेंडर आम्ही भरलं आणि ते आम्हाला मिळालं. पहिल्या बैठकीला नगरपालिकेचे जे अधिकारी होते, त्यांनी आफुआला विचारलं, "एवढं मोठं काम तुम्ही पूर्वी केलंय का?" ती म्हणाली, "नोकर म्हणून, पुष्कळ. मालक म्हणून, हे पहिलं." बाहेर आल्यावर तिनं गाडीतले फरश्यांचे नमुने उगाचच पुन्हा रचून ठेवले. मी हवामान विचारलं नाही.

काम छान चाललं होतं. तळमजल्यावर जिन्याच्या कडेची काँक्रीटची लांब भिंत ओतून झाली होती. फळ्या काढल्या त्या दिवशी मी नकाशे घेऊन साइटवर गेले होते. आफुआ भिंतीपासून थोडी लांब उभी राहून डोकं कलतं करून बघत होती. मग तिनं स्पिरिट लेव्हल मागवली आणि भिंतीला उभी लावली; भिंत सरळ असली की तिच्यातला बुडबुडा मध्ये येतो. युप शेजारीच होता.

"हेर वेबर," ती म्हणाली, "बुडबुडा कुठे आहे?"

युपनं वाकून पाहिलं. "मध्येच आहे की."

मी मागे उभी होते आणि मला तो बुडबुडा दिसत होता. तो मध्ये नव्हता. पार कडेला जाऊन टेकला होता. तिथल्या सगळ्यांनाच दिसत होता. गवंडी आपापल्या बुटांकडे बघायला लागले. युप अजून वाकून, डोळे बारीक करून बघत होता, आणि आम्हाला सगळ्यांना एकाच वेळी कळलं की त्याला दिसत नाहीये.

आफुआनं लेव्हल काढून काखेत धरली. "बरं," ती म्हणाली. "मला कॉफी हवी आहे. हेर वेबर, तुम्हीही चला."

समोरच्या बेकरीत दोघं बसलेली मला काचेतून दिसत होती. ती त्याच्या समोर बसली नव्हती, शेजारी बसली होती. काय बोलणं झालं ते तिनं मला पुढे केव्हातरी सांगितलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि त्यानं ते लपवून ठेवलं होतं. बायको गेलेली, घर रिकामं. ऑपरेशन म्हणजे रजा, आणि रजेवर गेलेल्या म्हाताऱ्याला परत कोण बोलावतं, असं त्याला वाटत होतं.

भिंतीचं काय करायचं, हा प्रश्न उरला. ती पडणार नव्हती. स्ट्रक्चरल इंजिनियरनं हिशेब करून सांगितलं, भार पेलेल. एक गवंडी म्हणाला, शेफिन, गिलावा एका बाजूला जाड घेतला तर कोणाला कळणारही नाही. माझंही मत साधारण तसंच होतं आणि मी ते बोलून दाखवलं. आर्किटेक्टनं अजून पाहिलं नव्हतं. मुलं ठरलेल्या दिवशी किटात यायची होती, आणि उशीर झाला तर त्या अधिकाऱ्यांना जे आधीपासून वाटत होतं तेच खरं ठरणार होतं.

आफुआ खालच्या आवाजात बोलू लागली, म्हणजे आम्ही सगळे सरळ उभे राहिलो. "दुसऱ्या कोणाची भिंत वाकडी झाली, तर ती भिंत वाकडी. माझी झाली, तर मी वाकडी. आणि माझ्यानंतर माझ्यासारखा जो कोणी टेंडर भरायला जाईल, तोही वाकडा. ही भिंत पाडायची."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः अधिकाऱ्यांना आणि आर्किटेक्टला बोलावून भिंत दाखवली. अधिकारी म्हणाले, "याला जबाबदार कोण?"

"मी," आफुआ म्हणाली. "तपासणं माझं काम होतं."

"खोटं आहे," मागून युप म्हणाला. "भिंत माझी आहे. मी ओतली."

ती त्याच्याकडे वळली. "हेर वेबर, गाडीवर नाव कोणाचं आहे?"

"तुझं."

"मग झालं."

अधिकाऱ्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "उशीर किती होईल?"

"होणार नाही. आम्ही शनिवारी काम करू. परवानगीसाठी अर्ज करते, आणि आवाजाबद्दल शेजाऱ्यांशी मी स्वतः बोलते." जर्मनीत विश्रांतीच्या वेळी आवाज करणं म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचं वैर. आफुआ त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दारात गेली. काय झालं, का पाडतोय, सगळं त्या बोलीत सांगितलं. एका आजीबाईंनी म्हणे सांगितलं, की आमचं घर बांधणाऱ्यानंही असंच केलं असतं तर माझं कपाट सरळ उभं राहिलं असतं.

भिंत फोडायला पहिला ब्रेकर युपनं उचलला. कोणी अडवलं नाही. तो बराच वेळ फोडत होता. मग आफुआ पुढे झाली आणि तिनं ब्रेकर त्याच्या हातातून घेतला. तो विटांच्या ढिगावर बसला आणि तिला फोडताना बघत राहिला, सुरुवातीला काळजीनं, मग एकदा ओरडून, "कोपर वर घे, मेडशेन." तिनं कोपर वर घेतलं.

किटा वेळेवर सुरू झाली. युपचं ऑपरेशन झालं. परत आला त्या दिवशी तो कंटेनरच्या दारात थांबून आफुआकडे बघत राहिला. "मेडशेन, तुझे केस पांढरे झालेत. कधीपासून?"

"तुम्ही कामाला आलात तेव्हापासून," आफुआ म्हणाली, आणि घाईघाईनं फोन उचलला. फोन वाजलेला नव्हता.

पुढच्या टेंडरच्या बैठकीत तेच अधिकारी आधी उठून हात पुढे करून आले. परतताना मी विचारलं, तेव्हा आफुआ म्हणाली, "स्वच्छ ऊन."

कामं वाढत गेली तसा शनिवारचा नाश्ताही वाढत गेला. सुरुवातीला ती एकटीच कंटेनरमधल्या छोट्या शेगडीवर पिकलेली केळी तळायची आणि जो येईल त्याला द्यायची. मग टोगोचा कोमी यायला लागला, रंगकाम आणि गिलाव्याची कामं घेणारा. इरिट्रियाचा योनास यायला लागला, इलेक्ट्रिशियन. दोघांची गोष्ट सारखीच होती. काम उत्तम, पण कायम कोणाच्या तरी हाताखाली, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला पुढे दुसरंच कोणी. आफुआ त्यांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "आल्झो, तर मग, झालं रडून? आता माइस्टर कधी करताय?"

योनास लेखी परीक्षेला घाबरायचा. आफुआनं त्याचा अभ्यास युपवर सोपवला. युपला आता सगळं लख्ख दिसत होतं आणि तो मोठ्यानं प्रश्न वाचायचा. एका शनिवारी योनास माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "परीक्षा जर्मनमध्ये आहे. हेर वेबर कोलोनच्या बोलीत वाचतात. मी नक्की कशात पास होणार आहे?" तो पास झाला. नंतर कोमीही झाला. निकालाच्या दिवशी आफुआ दोघांना घेऊन गाड्या रंगवणाऱ्याकडे गेली, आणि त्यांची नावं त्यांच्या गाड्यांच्या दारांवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून घेतली, की कोमीला आपल्याच गाडीत बसायला लाज वाटायची.

मग तिघांनी मिळून एका घरबांधणीचं टेंडर भरलं. चार मजली इमारत, भाड्यानं देण्याची घरं. एकेकट्याला ते पेलणारं नव्हतं. तिघांनी भागीदारीत भरलं, अंदाज मी काढला, आणि काम मिळालं. त्या दिवशी कंटेनरमध्ये कोमीनं आफुआच्या समोरच्या भिंतीवर पेरांनी टकटक केली. "पत्रा आहे," तो म्हणाला. "आता तरी खरं ऑफिस बांध." सगळे हसले.

त्याच सुमारास श्रीरंगला पूर्व जर्मनीतल्या येना शहरात एका कंपनीत काम मिळालं. मी आफुआला सांगायला गेले तेव्हा माझी वाक्यं पुन्हा पाठ केलेली होती. तिनं ती पूर्ण ऐकून घेतली. "तिथे बांधकामं आहेत ना?" "आहेत." "मग योट," ती म्हणाली, आणि येनामधल्या तिच्या ओळखीच्या एका कंपनीला माझ्यादेखतच फोन लावला. मी आज त्याच कंपनीत आहे, आणि तिथे मला सगळे वृंदा म्हणतात, कारण आफुआनं फोनवर ते नाव त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

त्या इमारतीचा सांगाडा पूर्ण झाला तेव्हा रिश्टफेस्ट ठरलं. छपराची लाकडं चढली की वर हिरवी माळ बांधतात, सुतार वरून चार ओळी म्हणतो, आणि मग सगळ्यांना जेवण. मी येनाहून त्यासाठी आले होते. युप काठी घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. योनासची बायको आणि मुलं आली होती. त्या चार मजल्यांमध्ये कोणी राहायला येईल, मुलं जिन्यावरून धावतील, असं बोलणं चाललं होतं. आफुआ भाषण करणार म्हणून सगळे थांबले होते. ती उठली, "जेवण गार होतंय," एवढंच म्हणाली आणि बसली.

गाडीची वेळ झाली म्हणून मी लवकर निघाले. तिला मिठी मारली, तिनं माझ्या पिशवीत भाताचा डबा कोंबला. मी रस्ता ओलांडून ट्रामच्या थांब्यावर उभी राहिले. एवढ्यात छपराची कौलं घेऊन एक प्रचंड लांब ट्रक आला. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. ड्रायव्हर खाली उतरला, फाटकाकडे बघून मान हलवायला लागला. आफुआ निळ्या-केशरी पोशाखातच बाहेर आली. तिनं त्याला काहीतरी सांगितलं, तो पुन्हा चढला. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या. कोणीतरी हॉर्न वाजवला. तिनं वळूनही पाहिलं नाही. एक हात वर करून ती मागे मागे चालू लागली, दोन बोटांनी खुणा करत, थोडं डावीकडे, अजून, अजून, आणि तो डोंगराएवढा ट्रक तिच्या त्या दोन बोटांच्या मागे इंच इंच सरकत फाटकात शिरला, कुठे ओरखडा न उठवता.

माझी ट्राम आली, मी चढले. काचेतून पाहिलं तर रस्ता मोकळा झाला होता. आफुआ कडेला उभी राहून थांबलेल्या प्रत्येक गाडीला हात करत होती, हॉर्न वाजवणाऱ्यालासुद्धा. शेवटची गाडी गेली तशी तिनं पोशाखावरची धूळ झटकली आणि ट्रकच्या मागोमाग आत गेली.